जुनं हत्यार दुरुस्त करायचं की त्याचं दुसरंच काही बनवायचं, हे कसं ठरवायचं

यंदा खंडेनवमीला बाबांची हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली काढली. बाबा वागळे इस्टेटमधे एका कंपनीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाच्या आधी लाकडाचा नमुना बनवतात ते काम, त्यामुळे पेटीत रंधा, पटाश्या, करवत, गिरमिट आणि वर कानशी, हातोड्या असं सगळंच आहे. पेटी चार पावसाळे उघडलेली नव्हती, आणि आम्ही ठाण्यात खाडीच्या बाजूला राहतो, हवा दमट आणि खारी, सगळं तांबूस होऊन बसलेलं. भाऊ म्हणाला रंध्याचा लॅम्प करू, पटाश्यांचे खुंटाळे करू, मस्त दिसतात. मी म्हटलं थांब, आधी यातलं जिवंत काय आहे ते तरी बघू.

कारण एकदा भोक पाडलं, कापलं किंवा वेल्डिंग केलं की परत फिरता येत नाही. दुरुस्तीचं तसं नाही, ती अर्धवट सोडून उद्या मत बदलता येतं. म्हणून आधी कायम दुरुस्तीच्या बाजूने तपासायचं आणि तिथे हत्यार नापास झालं तरच दुसरा विचार.

पहिला तासभर फक्त साफसफाई करा, काही ठरवू नका. कोरड्या फडक्याने धूळ, मग थोडं तेल आणि तारेची घासणी. ग्राइंडर अजिबात लावू नका, हे मी कळकळीने सांगतेय, कारण मी एक पटाशी बाहेर धार लावायला दिली, तिथे मशीनवर इतकी दाबून धरली की टोक निळं झालं. निळं झालं म्हणजे पोलाद साधारण ३०० डिग्रीपर्यंत तापलं आणि तिथलं पाणी, म्हणजे पोलादाला तापवून-विझवून दिलेला कडकपणा, उतरलं, आता ती धार लाकडात दोन ठोक्यात मुडपते. निळा भाग पूर्ण घासून काढला तर मागचं पोलाद चांगलं निघतं, पण तेवढी लांबी गेली ती गेलीच. आणि हत्यारावर जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं (घरगुती रंगात ९० पीपीएमच्या वर शिसं नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या डब्यात काय होतं कोण सांगणार), पाणी लावून घासा आणि मास्क घाला.

साफ झालं की गंज नीट बघा. वर वर लाल पावडर असेल तर काळजी नको. पण गंजाने खड्डे पाडले असतील तर ते कुठे आहेत यावर सगळं ठरतं. पटाशीच्या दांडीवर किंवा वरच्या बाजूला खड्डे असले तरी कामाला काही फरक नाही, पण पाठीवर, म्हणजे सपाट बाजूवर, धारेच्या लगेच मागे असले तर धार त्या खड्ड्यांपर्यंत आली की करवतीसारखी दातेरी होणार, कारण धार म्हणजे शेवटी दोन गुळगुळीत बाजू जिथे भेटतात ती रेघ. दगडावर पाठ घासून खड्डे जातात का बघा, अर्ध्या तासात निम्मेसुद्धा गेले नाहीत तर सोडून द्या.

मग पाणी शाबूत आहे का ते. चांगली कानस घ्या आणि हत्यार जिथे कापतं तिथे कडेला हलकेच फिरवा. काचेवर फिरवल्यासारखी घसरली किंवा जेमतेम लागली तर पाणी आहे. लोण्यासारखी रुतली तर ते कधीतरी आगीत तापलंय. असं असेल तर पाणी देणारा लोहार शोधा, आता कमी आहेत पण आहेत.

आणि चीर. हातोडीचं डोकं दांड्यातून काढून दोऱ्याने लटकवा आणि छोट्या लोखंडाने टिचकी मारा, माठ घेताना वाजवतो तसं. खणखणीत वाजलं तर बरंय, बद्द वाजलं तर भिंगातून चीर शोधा. चीर सापडली तर ती हातोडी परत ठोकायला वापरायची नाही, उडालेली चीप डोळ्यात जाते. दाराला अडणी म्हणून, वजन म्हणून वापरा, तिथे खुशाल वापरा. लोखंडी रंध्याला पात्याच्या फटीजवळ चीर असेल तर तेच, बीडाचं वेल्डिंग घरगुती काम नाही, त्याचा लॅम्प करायला माझी हरकत नाही.

मूठ तुटली, दांडा वाळवीने खाल्ला, हे मात्र टाकून द्यायचं कारण नाही. लोक नेमकं हेच बघून भंगारात देतात. दांडा ही बदलायचीच वस्तू आहे. बाभळीचा घ्या, लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जायला हव्यात, तिरक्या बाहेर निघत असतील तर तिथेच मोडतो. वरून पाचर मारा. सैल दांडा बादलीत भिजत घालायची आपल्याकडे सवय आहे, त्याने फुगून दोन दिवस घट्ट बसतो आणि वाळला की आधीपेक्षा जास्त सैल.

करवत डोळ्यासमोर लांब धरून दातांच्या रेषेत बघा. हलका बाक काढता येतो, घडी पडल्यासारखा मोड असेल तर कापताना अडकत राहणार. नवीन करवतींच्या दातांची टोकं निळसर काळी दिसतात, ती इतकी कडक केलेली असतात की तिकोनी कानस चालत नाही, त्या बोथट झाल्या की संपल्या. पण पातं चांगल्या पोलादाचं असतं, न तापवता कापून लाकूड तासायची सपाट पट्टी बनवा, पॉलिश पेपरपेक्षा स्वच्छ काम होतं.

झिजलेल्या कानशीचं सगळ्यांना काही ना काही बनवायचं असतं. कानस फार कडक आणि ठिसूळ असते, तिची पहार किंवा पटाशी करून काही उचकटायला गेलात तर तुकडा उडेल. सुरी करायची तर आधी ओव्हनमधे २०० डिग्रीच्या आसपास तासाभराचे दोन राउंड, मग आकार देताना सारखी पाण्यात बुडवत घासा.

आता सगळ्या परीक्षा पास झालेल्या हत्याराबद्दल. घरात ते कोणी वापरणार आहे का? आमच्या वन बीएचकेमधे रंधा मारायला जागा नाही, भाऊ सुतारकाम करत नाही. तरी लॅम्प नको असं मी म्हटलं, कारण तिसरा रस्ता आहे, जो रोज वापरेल त्याला द्या. बाबांचा लाकडी रंधा आमच्या बिल्डिंगमधे फर्निचरचं काम करणाऱ्या सुतारकाकांना दिला, त्यांनी पातं दगडावर दहा मिनिटं फिरवलं आणि जो पापुद्रा निघाला त्यातून पलीकडचं दिसत होतं.

ठेवायचं असेल तर नवीनसारखं चकचकीत करू नका, वापरता येईल इतपतच करा. सुटं होणारं लोखंड पांढऱ्या व्हिनेगरमधे रात्रभर, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच पुसून तेल, आपल्या हवेत पाच मिनिटं उशीर केला तरी परत लाल होतं. पितळ आणि जस्ताचा मुलामा व्हिनेगरमधे नको. मुठीला उकळलेलं जवसाचं तेल, आणि ते पुसलेलं फडकं बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतं, दोरीवर पसरून वाळवा.

मुठीवर कोरलेली किंवा पंचाने ठोकलेली अक्षरं घासू नका. बाबांच्या सहा पटाश्यांपैकी दोघींवर त्यांची नाहीत अशी अक्षरं आहेत, कुणा दुसऱ्या कारागिराची. त्या दोन्हींची पाठ साफ आहे, पाणी आहे. एकीला दांडा बसवून झाला, दुसरीचं लाकूड अजून वाळतंय.