व्हर्च्युअल मशीनची डिस्क रखडतेय? आधी कंट्रोलर बघा

व्हर्च्युअल मशीन (संगणकात सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक) संथ झालं की पहिला हात रॅम वाढवण्याकडे जातो. त्याआधी लिनक्स गेस्टमध्ये, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनच्या आत, 'टॉप' (top) ही कमांड चालवा आणि 'डब्ल्यूए' (wa) हा आकडा बघा. तो सतत चढा असेल, तर प्रोसेसर डिस्कची वाट पाहत बसलाय. मग होस्टवर, म्हणजे मूळ संगणकावर, डिस्कवरचा भार दाखवणारी 'आयओस्टॅट' (iostat) कमांड चालवा. तिथेच बॅकअप किंवा दुसरं मशीन डिस्कवर तुटून पडलं असेल, तर गेस्टमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

होस्ट निवांत असेल तर कंट्रोलर, म्हणजे गेस्टला डिस्क ज्यातून जोडली आहे तो भाग, तपासा. केव्हीएममध्ये (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणारी यंत्रणा) डिस्क अनेकदा आयडीई या जुन्या प्रकारच्या कंट्रोलरवर राहून गेलेली असते. म्हणजे प्रत्येक वाचन-लेखनासाठी जुन्या हार्डवेअरची नक्कल चालू! त्याऐवजी व्हर्टआयओ (virtio) हा व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेला प्रकार निवडा; त्यात गेस्ट आणि होस्ट सामायिक मेमरीतल्या रांगेतून थेट व्यवहार करतात, त्यामुळे बराच भार वाचतो.

विंडोज गेस्ट असेल तर मात्र घाई नको. व्हर्टआयओचा ड्रायव्हर नसताना बूट डिस्क एकदम त्यावर हलवली की निळा स्क्रीन येतो. बॅकअप घ्या, १ जीबीची दुसरी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर बसवा, मशीन बंद करा आणि मगच मुख्य डिस्क हलवा.

जुने स्नॅपशॉट (मशीनच्या आधीच्या स्थितीच्या जपून ठेवलेल्या नोंदी) साठले असतील तर तेही काढा, त्यांनीही डिस्क संथ होऊ शकते. डिस्कच्या सेटिंगमधला कॅशेचा (तात्पुरत्या साठ्याचा) 'अनसेफ' पर्याय वेगवान वाटतो, पण त्यात डेटा डिस्कवर पक्का लिहिण्याची विनंतीच दुर्लक्षिली जाते. वीज गेली की फाइलसिस्टिम मोडू शकते. कामाच्या मशीनवर तो कधीच लावू नका.