शाकाहारी डायनोसॉरची नवी प्रजाती कशी ओळखावी

एखादा सांगाडा शाकाहारी डायनोसॉरच्या नव्या प्रजातीचा आहे की नाही, हे त्याच्या भव्यतेवरून किंवा तो कुठे सापडला यावरून ठरत नाही. त्यात अन्य कोणत्याही ज्ञात प्रजातीत न आढळणारी लक्षणे आहेत का, आणि त्या लक्षणांना प्राण्याचे वय, दुखापत किंवा खडकाचा दाब यांपैकी दुसरे काही कारण असू शकते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरते. हे काम कोणत्या क्रमाने करावे, ते भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी येथे मांडले आहे. उदाहरणे मुख्यतः चंद्रपूर ते जबलपूर या पट्ट्यातील, क्रिटेशियस काळाच्या अखेरीच्या लमेटा थरांतली आहेत, कारण आपल्याकडे ठेवलेली नावे कशी टिकली आणि कशी कोसळली, याचा धडा तिथेच उत्तम मिळतो.

आवश्यक परवानग्या हाती आल्यावर, एकही हाड हलवण्यापूर्वी, जागेवर दोरीने चौकटी आखून प्रत्येक हाडाचे स्थान, त्याची दिशा, कल आणि तो नेमका थर यांची नोंद करावी व छायाचित्रे घ्यावीत. हाडे एकाच प्राण्याची आहेत की अनेकांची, हे पुढे केवळ या नकाशावरूनच सांगता येते. सांध्याला सांधा जुळलेले मणके हा सर्वांत भक्कम पुरावा होय. हाडे विखुरलेली असतील तर त्यांची मापे परस्परांशी जुळतात का आणि एकाच बाजूचे एकच हाड दोनदा आले आहे का, हे तपासावे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील कोटा थरांत मिळालेल्या बारापासॉरस या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची सुमारे 300 हाडे किमान सहा प्राण्यांची होती. 1975 मध्ये त्याचे नामकरण करताना होलोटाइप म्हणून, म्हणजे नाव ज्याला कायमचे बांधलेले असते तो नमुना म्हणून, सगळा ढीग न घेता एकट्या त्रिकास्थीची (कंबरेतल्या जुळलेल्या मणक्यांची) निवड झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हाड उचलताना त्यावर ओला कागद लावून मग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळाव्यात. कागद विसरल्यास प्लास्टर हाडालाच चिकटते.

प्राणी डायनोसॉर होता का, हे खुब्याच्या सांध्यावरून पाहावे, कारण बहुतेक डायनोसॉरमध्ये त्या सांध्याची खोबण आरपार उघडी असते. आहाराचा अंदाज दातांवरून येतो: पानासारखे, कडेला जाड दाते असलेले दात, अनेक सॉरोपॉडांचे, म्हणजे लांब मान-शेपटीच्या डायनोसॉरांचे, सळईसारखे बारीक दात, हॅड्रोसॉरांच्या, म्हणजे बदकासारख्या तोंडाच्या डायनोसॉरांच्या, एकमेकांत घट्ट बसलेल्या दातांच्या रांगा. कवटी मिळाली नसेल, आणि सॉरोपॉडांच्या बाबतीत ती बहुधा मिळतच नाही, तर प्राणी कोणत्या गटात बसतो यावरूनच आहार सांगावा. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिलिकाकण असल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ती विष्ठा टायटॅनोसॉरांची, म्हणजे सॉरोपॉडांतल्याच एका गटाची, असावी असे मानले गेले. मात्र अशा पुराव्यातून प्रजाती ओळखता येत नाही, त्यामुळे तो निबंधाच्या चर्चेत द्यावा, निदानात, म्हणजे प्रजाती वेगळी ठरवणाऱ्या लक्षणांच्या यादीत, देऊ नये.

सर्वाधिक वेळ तुलनेला द्यावा. प्रत्येक हाडाचे वर्णन लिहून झाल्यावर त्याच गटातील सर्व प्रजातींचे मूळ नमुने, शक्य असेल तर प्रत्यक्ष संग्रहालयात जाऊन, समोर ठेवावेत. जुन्या शोधनिबंधांतील रेखाचित्रांवर विसंबू नये, कारण तुटलेला भाग चित्रकाराने अनेकदा अंदाजाने पूर्ण केलेला असतो. जे हाड दोन्हींकडे आहे त्याचीच तुलना होऊ शकते, हे उघड वाटते. तरीही एकाची मान आणि दुसऱ्याची शेपटी हाती असताना त्यांना वेगळे ठरवण्याचा मोह अनेकांना झालेला आहे.

रिचर्ड लायडेकर यांनी 1877 मध्ये जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवरील हाडांना टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले, तेव्हा भिस्त मुख्यतः शेपटीच्या दोन मणक्यांवर होती. मणक्याची पुढची बाजू खोलगट आणि मागची बाजू गोळ्यासारखी फुगीर, ही रचना त्या काळी खरोखरच वेगळी होती. पुढे तीच रचना अनेक देशांतील कितीतरी प्राण्यांत आढळली, आणि टायटॅनोसॉरस या एकाच वंशात, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटात, वेगवेगळ्या खंडांतल्या चौदा प्रजाती जाऊन बसल्या. 2003 मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी हा सारा पसारा तपासला. त्यांतल्या पाचच प्रजाती वेगळ्या ओळखता येतात, आणि मूळ इंडिकस त्यांत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणून निदान एका लक्षणावर उभे करू नये. शरीराच्या निरनिराळ्या भागांतली अनेक लक्षणे घ्यावीत आणि त्यांपैकी कोणती केवळ याच प्राण्याची आहेत व कोणती फक्त एकत्र येण्याने विशेष ठरतात, हे स्पष्ट लिहावे.

चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा सांगाडा अशा कसोटीला उतरला. जैन आणि बंदोपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हटले होते. कवटी आणि मागचे पाय नसले तरी मान, पाठ, कंबर, शेपटी आणि पुढच्या पायाची हाडे एकाच प्राण्याची होती, त्यामुळे मूळ वंश ढासळला तरी कोलबर्टी ही प्रजाती टिकली आणि 2003 मध्ये तिच्यासाठी आयसिसॉरस हा नवा वंश करण्यात आला. त्यातील आद्याक्षरे सांगाडा सांभाळणाऱ्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आहेत.

लक्षणे सापडल्यावर ती स्वतःच खोडून काढण्याचा प्रयत्न करावा. मणक्याचा मुख्य भाग आणि वरची कमान यांतली शिवण उघडी असेल तर प्राणी वाढत होता असे समजावे. लांब हाडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वाढ थांबल्याच्या रेषा मोजाव्यात. 2006 मध्ये ड्रॅकोरेक्स या नावाने वर्णिलेला सपाट डोक्याचा प्राणी हे पॅकिसेफॅलोसॉरस या घुमटासारख्या डोक्याच्या डायनोसॉरचेच पिल्लू असावे, असे हॉर्नर आणि गुडविन यांनी 2009 मध्ये मांडले, ते अशाच तपासणीतून. गाळाच्या भाराने चेपलेले हाड डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करून ओळखता येते. असमान आलेल्या मापाला लक्षण म्हणू नये. यानंतर लक्षणांचा तक्ता टीएनटीसारख्या संगणकप्रणालीत घालून वंशवृक्ष काढावा. वृक्षात प्राण्याची जागा दिसते, पण त्याचे नवेपण वृक्षावरून सिद्ध होत नाही. ते निदानातूनच यावे लागते.

नाव ठरवण्यापूर्वी ते प्राणिजगतात इतरत्र वापरलेले नाही ना, हे पाहावे. तीन शिंगांच्या गटातल्या एका डायनोसॉरचे डायसेराटॉप्स हे नाव एका कीटकाला आधीच दिलेले निघाल्याने 2007 मध्ये ते बदलावे लागले. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार निबंधात शब्दांत लिहिलेले निदान, होलोटाइपचा स्पष्ट निर्देश आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे याचा उल्लेख हवा. तो संग्रह खासगी नसावा, कारण इतरांना नमुना पुन्हा तपासता आला पाहिजे. इंडिकसचा मूळ मणका दीर्घकाळ हरवलेलाच समजला जात होता आणि तो 2012 मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात मिळाला. निबंध केवळ ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत त्याची नोंदणी प्रकाशनापूर्वी करून, तसा पुरावा निबंधातच छापावा.