काउंटरच्या आतल्या बाजूने

विमान कंपनीच्या ग्राउंड स्टाफमध्ये, म्हणजे विमानतळावर चेक-इन, बोर्डिंग बघणाऱ्यांत, यायचं म्हणणारी मुलं-मुली मला तीनच गोष्टी विचारतात: पगार किती, उंची किती लागते, फुकट तिकीट मिळतं का. रोस्टरचं, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाचं, कोणी विचारत नाही. मुंबई विमानतळाच्या टी-टूवर (टर्मिनल दोन) सहा वर्षं काढून मी सांगते, माणूस टिकतो की सोडतो ते बरंचसं तिथेच ठरतं.

पहाटे चारचं रिपोर्टिंग म्हणजे अडीचला पिकअपची गाडी दारात. सुट्टी मंगळवारी. पहिल्या अंघोळीच्या दिवशी मी सलग दोन वर्षं बॅगांना टॅग लावत होते. याची सवय होते. होत नाही ती आदल्या रात्री बदललेल्या ड्युटीची. आमच्याकडे एक ड्युटी मॅनेजर ठरलेलं रोस्टर मोडत नसे, आपसात शिफ्ट बदलू देई. त्याच्या टीममधून माणसं हलत नसत. पगार सगळ्यांना सारखाच होता.

फुकट तिकिटाचंही ऐका. ते बहुधा सब-लोड असतं, सीट उरली तरच. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन गोव्याला निघाले; तीन विमानं डोळ्यांदेखत गेली, चौथ्यात जागा दोनच. मी घरी.

आता डिले कोड. विमान उशिरा सुटलं की कारण आकड्यात नोंदवावं लागतं. ९३ म्हणजे विमानच आधीच्या फेरीहून उशिरा आलं, सगळे सुटले. १५ म्हणजे बोर्डिंग, म्हणजे आम्ही. स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांत अर्ध्या तासात विमान परत उडवायचं असतं, त्यामुळे रॅम्प (विमानाजवळ सामान चढवणारे), केटरिंग, गेट असा कोड एकमेकांवर ढकलणं चालू. एकदा चौदा मिनिटं माझ्या माथी आली. व्हीलचेअर ढकलायला माणूस नव्हता, हे कोणी विचारलंच नाही. पुढे कित्येक दिवस मी वॉकीटॉकीवरच्या प्रत्येक निरोपाची वेळ वहीत टिपत होते. प्रवाशाकडे बघणार कधी? अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सने यासाठी ‘टीम डिले’ असा वेगळा प्रकार ठेवला होता. चूक अनेकांची असेल तर एकालाच धरायचं नाही. शिवाय १९७३ पासून नफ्यात कर्मचाऱ्यांचा वाटा.

कोर्समध्ये हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत शिकवतात: पगार, नियम, साहेबाची वागणूक नीट असली तर नाराजी टळते, समाधान मात्र कामातून आणि कौतुकातून येतं. मला हे अर्धंच पटतं. झोपच पूर्ण झाली नसेल तर कौतुकाचं सर्टिफिकेट उशाला घ्यायचं का?

आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३मध्ये. दोन्ही नावं मोठी होती.

मुलाखतीत विचारा, रोस्टर किती दिवस आधी लागतं? पहिल्या कंपनीत मी विचारलं नव्हतं. दुसरीकडे विचारलं, तर एचआरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून पुढच्या महिन्याचं रोस्टरच दाखवलं. अजून तिथेच आहे.