दुसऱ्या स्टेटमध्ये एल्कचा टॅग काढायचाय? आधी परत न येणारे पैसे मोजा

अमेरिकेत वेस्टर्न स्टेट्समध्ये हंटिंगला जायचं डोक्यात आलं की सगळे पहिल्यांदा टॅगची, म्हणजे एक जनावर मारायच्या परवान्याची, किंमत बघतात. वायोमिंगचा नॉनरेसिडेंट एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) टॅग 692 डॉलर, वर 15 डॉलर अर्जाची फी, म्हणजे सातशेच्या आसपास, जमेल की. पण टॅगचे पैसे सोडतीत टॅग लागला तरच जातात. खिसा रिकामा होतो तो टॅग न लागलेल्या वर्षांत, कारण पॉइंटचे (दरवर्षी जमवायचे गुण, पुढच्या सोडतीत उपयोगी पडतात) पैसे, लायसन्सचे पैसे, अर्जाची फी हे सगळं दरवर्षी जातं आणि त्यातलं काही परत येत नाही. (आणि इथे नॉनरेसिडेंट म्हणजे त्या स्टेटच्या बाहेरचा, व्हिसाशी संबंध नाही, टेक्सासमध्ये जन्मलेला माणूसही वायोमिंगमध्ये नॉनरेसिडेंटच.)

जास्त पैसे का घेतात म्हणून चिडून काही होत नाही. 1978 मध्येच सुप्रीम कोर्टाने मोंटानाच्या बाल्डविन केसमध्ये सांगून टाकलं की एल्कची शिकार हा छंद आहे, मूलभूत हक्क नाही, सबब स्टेट बाहेरच्याकडून जास्त फी घेऊ शकतं. जमीन फेडरल असली तरी त्यावरच्या जनावराचे नियम स्टेट ठरवतं, आणि मत देतात ते रेसिडेंट, त्यामुळे भाव वाढवायचा झाला की कुणाचा वाढणार हे सांगायला नको. वायोमिंगने 2024 पासून 'स्पेशल' एल्क टॅग 1268 वरून 1950 डॉलरवर नेला, डिअर आणि प्राँगहॉर्नचा (काळविटासारखं दिसणारं जनावर) स्पेशल 1200. जनावर तेच, युनिट (शिकारीसाठी आखलेला भाग) तेच, फक्त जास्त पैसे भरणाऱ्यांची रांग वेगळी. मला हा प्रकार अजिबात आवडत नाही, पण त्या रांगेत माणसं कमी असतात हेही खरं, म्हणून अर्ज करायच्या आधी मागच्या वर्षीचे दोन्ही रांगांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघाच.

आता ड्रॉ, म्हणजे टॅगची सोडत, कसा चालतो ते. प्रत्येक स्टेटचा हिशोब वेगळा आहे आणि इथेच लोक गोंधळतात.

प्रेफरन्स पॉइंट म्हणजे ज्याचे जास्त त्याला आधी. कोलोरॅडोत एल्क, डिअर, प्राँगहॉर्नला सध्या हेच आहे. वायोमिंगमध्ये साधारण 75 टक्के टॅग असे जातात आणि 25 टक्के चिठ्ठ्या टाकून, म्हणजे शून्य पॉइंटवाल्यालाही थोडी आशा. बोनस पॉइंटमध्ये पॉइंट म्हणजे जादा चिठ्ठ्या. मोंटाना आणि नेवाडात तर त्यांचा वर्ग होतो (पॉइंट गुणिले पॉइंट), 10 पॉइंट म्हणजे शंभराच्या घरात चिठ्ठ्या. ॲरिझोनात 20 टक्के टॅग सगळ्यात जास्त पॉइंटवाल्यांना आणि बाकीचे नशिबावर, पण नॉनरेसिडेंटला 10 टक्क्यांच्या वर नाही. न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत, फक्त कोटा आहे, 84 टक्के रेसिडेंट, 10 टक्के आउटफिटरबरोबर (पैसे घेऊन शिकार घडवणारे) येणारे आणि 6 टक्के आपल्यासारखे स्वतःच्या जिवावर जाणारे. आयडाहोतही पॉइंट नाहीत, पण आधी डिसेंबरमध्ये ड्रॉशिवाय मिळणाऱ्या जनरल टॅगसाठी जी झुंबड उडायची ती बंद करून 2026 च्या सीझनपासून नॉनरेसिडेंटचे जनरल डिअर आणि एल्क टॅगही ड्रॉने द्यायला लागलेत. कोलोरॅडोत धनुष्यबाणाचा एल्क टॅग पूर्वी थेट काउंटरवर मिळायचा, तोही 2025 पासून आय-25 हायवेच्या पश्चिमेला नॉनरेसिडेंटसाठी बंद.

पॉइंट क्रीप नावाचं दुखणं नीट समजून घ्या, कारण नवीन माणूस इथेच फसतो. समजा एका युनिटला नॉनरेसिडेंटचे 10 टॅग आहेत आणि 18 पॉइंटवाले 60 जण थांबलेत, त्यांनाच संपायला 6 वर्षं लागणार, आणि 17 वाल्यांचा नंबर येईपर्यंत ते 23 वर पोचलेले असणार, त्यांच्या मागे 16 वाले आहेतच आणि मागच्यांची गर्दी पुढच्यांपेक्षा जास्त. म्हणजे आज 18 ला लागणारा टॅग तुम्ही 18 पॉइंट जमवून गेलात तरी लागत नाही, रांगेचं टोकच पुढे पळत असतं. अशा युनिटसाठी आज शून्यापासून सुरुवात करणं म्हणजे निव्वळ देणगी. म्हणून फक्त यंदा किती पॉइंटला लागला एवढं बघू नका, मागच्या पाच वर्षांत तो आकडा किती सरकला ते बघा. दरवर्षी एकाने सरकत असेल तर ते युनिट सोडून द्या.

मग करायचं काय? आधी एक शिकार ठरवा. नुसतं 'एल्क' नाही, स्टेट, युनिट, हत्यार, सीझन सगळं. मग त्या टॅगचा पूर्ण हिशोब कागदावर मांडा. वायोमिंगचा एल्क पॉइंट 52 डॉलर, पाच वर्षांचे 260, मग टॅग, झालं. ॲरिझोनात पॉइंट हवा तर 160 डॉलरचं हंटिंग लायसन्स आणि 15 डॉलर अर्जाचे, म्हणजे दहा वर्षांत 1750 डॉलर आणि टॅग अजून हातात नाही. तिथे डिअर, एल्क, रानमेंढा सगळ्याला अर्ज करणार असाल तर एकच लायसन्स सगळ्यांना चालतं आणि मग परवडतं, पण एका जनावरासाठी मी तरी भरणार नाही. सात-आठ स्टेट्समध्ये 'असू दे, जमत राहतील' म्हणून पॉइंट घेत राहणारे खूप भेटतात, त्यांना विचारा शेवटचं शिकारीला कधी गेला होतात.

माझं मत असं की दोन स्टेट्स पॉइंटवाली घ्या, तीही दोन ते पाच पॉइंटला लागणाऱ्या टॅगसाठी, आणि एक बिनपॉइंटचं घ्या. उरलेल्या वर्षी मादीचे टॅग. वायोमिंगमध्ये एल्कच्या मादीचा टॅग 288 डॉलर आणि प्राँगहॉर्नच्या मादीचा 34, पॉइंट खर्ची पडत नाहीत, मांस थोडं कमी, पण अनुभव तेवढाच. शिंगांचा नाद असेल तर गोष्ट वेगळी.

आणखी एक युक्ती सांगतो जी फुकट आहे. कोलोरॅडो आणि वायोमिंगमध्ये पॉइंट जातात ते पहिल्या पसंतीचा टॅग लागला तरच. म्हणून पहिल्या पसंतीला अवघड टॅग टाका आणि दुसऱ्या पसंतीला सहज मिळणारा, तो लागला तर शिकारही होते आणि पॉइंटही शाबूत. मित्रांबरोबर ग्रुपने अर्ज करताना मात्र जपून, वायोमिंग सगळ्यांच्या पॉइंटची सरासरी काढतं, कोलोरॅडो सगळ्यात कमी ज्याचे त्याचेच धरतं, तेव्हा कोलोरॅडोत नवख्या भावाला बरोबर घेतलंत की तुमचे दहा पॉइंट शून्य समजा.

वायोमिंगमध्ये नकाशा बघताना विल्डरनेसची (कायद्याने राखलेल्या रानाची) हद्द पहिल्यांदा बघा, नॉनरेसिडेंटला तिथे गाइडशिवाय किंवा स्थानिक रेसिडेंट सोबत असल्याशिवाय बिग गेमची (एल्क, डिअरसारख्या मोठ्या जनावरांची) शिकार करता येत नाही. गाइडचा खर्च टॅगच्या कितीतरी पट असतो, आणि टॅग लागल्यावर हे कळलं तर बोंब.

तारखा कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा: वायोमिंग एल्क आणि ॲरिझोना एल्क फेब्रुवारीच्या सुरुवातीला, न्यू मेक्सिको मार्चच्या मध्यावर, मोंटाना 1 एप्रिल, कोलोरॅडो एप्रिलचा पहिला आठवडा, नेवाडा मे. वायोमिंगमध्ये फेब्रुवारीची तारीख हुकली तरी नुसता पॉइंट जुलै ते ऑक्टोबरमध्ये विकत मिळतो, पण लागोपाठ दोन वर्षं काहीच केलं नाही तर जमलेले सगळे जातात. हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट नसेल तर ते आधी, त्याशिवाय बऱ्याच ठिकाणी अर्जच पुढे सरकत नाही. न्यू मेक्सिकोत टॅगची पूर्ण रक्कम अर्जाबरोबरच भरावी लागते, नंबर नाही लागला तर परत येते, पण तोवर अडकते. आणि अर्जात टाकलेलं कार्ड ड्रॉच्या महिन्यापर्यंत चालू आहे ना, त्यावर लिमिट आहे ना हे बघा, कारण ॲरिझोनात कार्ड नाकारलं गेलं तर अर्जच बाद होऊ शकतो.