गर्भलिंग निदानाची तक्रार कोर्टात टिकेल अशी कशी करावी

"तिथे सांगतात म्हणे" एवढ्यावर कुठल्याच सोनोग्राफी सेंटरवर कारवाई होत नाही. पीसीपीएनडीटी कायद्याखालची (म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी करणाऱ्या कायद्याखालची) तक्रार लेखी हवी आणि ती समुचित प्राधिकाऱ्याकडे द्यायची: जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक, महापालिका हद्दीत आरोग्य अधिकारी. आधी पोलीस ठाण्यात धावू नका. नियम 18अ प्रमाणे या तपासात पोलिसांना शक्यतो आणायचे नसते. तक्रारीची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.

सेंटरचे नाव, पत्ता, दिवस, वेळ, किती पैसे घेतले, हे सगळे लिहा. 'मुलगा', 'मुलगी' असे उघड सहसा कुणी बोलत नाही. 'पेढा', 'बर्फी' किंवा नुसती बोटाची खूण असते. झाले तसेच नोंदवा, आपला अर्थ वेगळा लिहा. नोंदणी प्रमाणपत्र आणि लिंग सांगणे गुन्हा असल्याचा इंग्रजी-मराठी फलक दर्शनी भागात आहे का, हे बाकड्यावर बसूनही दिसते.

खरी मेख एफ फॉर्ममध्ये असते. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा हा फॉर्म भरावा लागतो. त्यात तपासणीचे कारण आणि डॉक्टर व ती बाई या दोघांचे प्रतिज्ञापन असते. कलम 4(3) नुसार तो अर्धवट असला तरी कलम 5 किंवा 6 चा (लिंग सांगण्याच्या आणि लिंग तपासण्याच्या बंदीचा) भंग धरला जातो आणि तसे नाही हे सेंटरने सिद्ध करायचे. म्हणून त्या तारखेचे एफ फॉर्म, रजिस्टर, पावत्या आणि मशीनमधल्या प्रतिमा ताडून बघाव्यात, अशी स्पष्ट मागणी करा. नोंदी 2 वर्षेच जपणे बंधनकारक आहे, तेव्हा उशीर नको. जप्तीचा पंचनामा ढिला राहिला, सील नीट लागले नाही, की पुढे खटला तिथेच लंगडा पडतो.

तपासणी झालेल्या बाईला मात्र यात ओढू नका. कलम 24 नुसार नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी तिच्यावर जबरदस्ती केली असेच कोर्ट गृहीत धरते. दोन मुली असलेल्या गरोदर बायकांवर पाळत ठेवणे तर सरळ अन्याय आहे. गर्भपाताचा कायदा 1971 चा, तो वेगळा आहे. कायदेशीर गर्भपाताचा हक्क आपल्या मोहिमेने हिरावला जाता कामा नये.

प्राधिकारी ढिम्म राहिले तर कलम 28 खाली त्यांना किमान 15 दिवसांची नोटीस द्या: गुन्हा कोणता आणि आपण कोर्टात जाणार, दोन्ही लिहून, पोच मिळेल अशा टपालाने. मुदत उलटली की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे व्यक्ती किंवा संस्था स्वतः तक्रार दाखल करू शकते, आणि प्राधिकाऱ्यांकडच्या नोंदींच्या प्रती कोर्टामार्फत मागू शकते.