बॅलास्टच्या बाबतीत या चुका टाळा

जहाजाच्या तळाशी भरलेलं पाणी, रुळांखालची खडी, ट्यूबलाइटच्या पट्टीतला चोक, बलूनच्या टोपलीतल्या वाळूच्या पिशव्या. या चारही गोष्टींना बॅलास्ट म्हणतात आणि चारही ठिकाणी त्याचं काम आवर घालायचं असतं. म्हणूनच ‘बॅलास्ट म्हणजे वजन, आणि वजन जितकं जास्त तितकं बरं’ हा समज घात करतो. बॅलास्ट कुठे ठेवलाय, कोणत्या जातीचा आहे आणि जागेवर राहतो की नाही, हे किलो-टनांइतकंच महत्त्वाचं.

जहाज कलतंय म्हणून नुसतं वजन वाढवणं

स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोममधून पहिल्याच सफरीला निघाली आणि जेमतेम १,३०० मीटर जाऊन बुडाली. तिच्या तळात सुमारे १२० टन दगड होते. आणखी दगड भरले असते तर जहाज पाण्यात आणखी खोल बसलं असतं आणि तोफांच्या खालच्या झरोक्यांतून पाणी आत यायला वाटच मिळाली असती. खोट वरच्या अवजड बांधणीत होती. ती तळात दगड ओतून निघणारी नव्हती. विशेष म्हणजे निघण्याआधी तीस खलाशांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून चाचणी घेतली गेली होती. जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणी थांबवली, पण सफर काही थांबवली नाही!

उलटी चूकही होते. फार खाली फार वजन गेलं की जहाज झटक्याने सरळ होतं, हिसके बसतात आणि माल बांधलेले साखळदंड तुटू शकतात.

टाकी अर्धवट भरलेली ठेवणं

परातीत पाणी घेऊन चालताना ते ज्या बाजूला कललं तिकडेच धावतं. अर्धवट भरलेल्या टाकीत नेमकं हेच घडतं, आणि जहाजाला सावरायला ठेवलेलं पाणीच त्याला आडवं करायला लागतं. जुलै २००६ मध्ये ‘कूगर एस’ हे मोटारी नेणारं जहाज अल्यूशियन बेटांजवळ बॅलास्टचं पाणी बदलताना सुमारे ६० अंशांत कललं. टाकी शक्यतो काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा. बदलाच्या प्रत्येक टप्प्याचं स्थैर्याचं गणित आधी करा आणि एका वेळी फार टाक्या उघडू नका.

या पाण्याबरोबर जीवही प्रवास करतात. काळा समुद्र आणि कॅस्पियन परिसरातले झेब्रा शिंपले १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत आढळले आणि पुढे त्यांनी पाणी खेचणारे नळ तुंबवले. त्यामुळे एका बंदराचं पाणी दुसऱ्या बंदरात तसंच सोडणं ही साधी चूक नाही. याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. पाणी बदलायचं तर शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैल दूर आणि किमान २०० मीटर खोल समुद्रात. मात्र बदलणं हा तात्पुरता उपाय होता. आता जहाजावरच पाणी गाळून, अतिनील किरणांनी किंवा क्लोरीनने शुद्ध करण्यावर भर आहे. टाकीच्या तळाचा गाळ मात्र अनेकदा विसरला जातो. जीव त्यातही तग धरतात.

बलूनवाल्यांची चूक घाईची असते. वायूच्या बलूनमधून टाकलेली वाळू परत मिळत नाही. जास्त टाकली की बलून नको तितका चढतो, मग खाली यायला वायू सोडावा लागतो आणि दोन्ही शिदोऱ्या संपतात. १ डिसेंबर १७८३ रोजी शार्ल आणि रॉबर्ट हे दोघे हायड्रोजन बलूनमधून पॅरिसहून निघाले. पुढे रॉबर्ट उतरले आणि हलका झालेला बलून एकट्या शार्ल यांना घेऊन सुमारे ३,००० मीटर वर गेला.

रुळांखाली गोटे किंवा मातकट खडी

नदीतले गुळगुळीत गोटे एकमेकांवरून घसरतात. रुळांखाली फोडलेली, कोनदार, कठीण दगडाची खडीच हवी, कारण तिच्या धारा एकमेकींत अडकतात. खडीत फटी असतात त्याही मुद्दामच, पाणी निघून जावं म्हणून. धूळ, कोळशाची भुकटी आणि झिजलेल्या खडीचा चुरा या फटींत बसला की पाणी अडतं आणि गाडी गेली की स्लीपरखालून, म्हणजे रूळ ज्यांवर बसवतात त्या आडव्या तुळयांखालून, चिखल उडतो. अशा वेळी वर नवी खडी पसरून भागत नाही. जुनी उपसून, चाळून पुन्हा भरावी लागते.

स्लीपरच्या टोकांबाहेरची खडी फालतू समजून ओढून घेणं आणखी धोक्याचं. उन्हात तापलेला रूळ आडवा सरकू पाहतो, त्याला तीच धरून ठेवते. यंत्राने खडी ठोकून बसवल्यावर काही काळ ही पकड सैल असते, म्हणून तिथे गाड्यांचा वेग कमी ठेवतात. भर उन्हात हे काम काढण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

प्रत्येक वेळी चोकलाच दोष देणं

ट्यूबमधला वायू पेटला की प्रवाह वाढेल तसा त्याचा रोध घटतो. चोक नसेल तर प्रवाह भडकत जाऊन ट्यूब जळेल. पण ट्यूब लागत नाही म्हणून लगेच चोक बदलू नका. दोन्ही टोकं लालसर आणि मध्ये अंधार, तर बहुधा स्टार्टर चिकटलाय. टोकं काळी आणि उजेड लुकलुकता, तर ट्यूब संपत आलीय. दोन्ही बदलूनही फरक नसेल तर चोक बघा. नुसती गुणगुण असेल तर त्याचे स्क्रू सैल आहेत का ते आधी तपासा. जळका वास आला तर मात्र लगेच मेन स्विच बंद करा. नव्या चोकवरचा वॉट ट्यूबशी जुळायला हवा.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना बहुतेकांची गफलत होते. काही एलईडी ट्यूब आहे त्या चोकवर चालतात, काहींना तो काढून थेट वीजजोडणी द्यावी लागते. खोक्यावरची आकृती पाहा, मेन स्विच बंद करा, आणि जोडणी बदलली असेल तर पट्टीवर तसं ठळक लिहून ठेवा. नाहीतर उद्या कुणीतरी तिथे साधी ट्यूब लावेल आणि तिला आवरायला चोक नसेल.