मारहाणीत जखमी झालात तर सरकारी भरपाईसाठी काय काय जमवून ठेवायचं

दीड वर्षापूर्वी माझा धाकटा भाऊ सेकंड शिफ्ट संपवून घरी येत होता, तीन पोरांनी गाडी अडवली, मोबाईल मागितला, याने हात पुढे केला आणि त्यातल्या एकाने कोयता मारला, उजव्या मनगटावर. पोरं अजून सापडलेली नाहीत. आरोपीच नाही तर पैसे कोण देणार असं आम्हाला निदान दहा जणांनी ऐकवलं, त्यात दोन शिकलेले होते. म्हणून हे लिहितेय. आरोपी सापडला नाही, केस उभी राहिली नाही, तरी जखमी माणसाला स्वतः अर्ज करून सरकारकडून भरपाई मागता येते. हे आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५७ अ कलमात होतं, २००९ च्या शेवटी लागू झालं, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६ कलमात आहे. महाराष्ट्राची स्वतःची योजना २०१४ ची. अर्ज जातो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, ते ऑफिस बहुतेक ठिकाणी जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, आणि तिथे बसणारे सचिव स्वतः न्यायाधीश असतात, एजंट वगैरे कोणी लागत नाही.

पण अर्ज हे शेवटचं काम. खरी तयारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतच सुरू होते, आणि नेमकं तिथेच आम्ही चुकलो.

भावाला ज्या मित्राने उचलून नेलं तो घाबरलेला होता, पोलीस केस म्हटलं तर हॉस्पिटलवाले दाखल करून घेणार नाहीत असं त्याला वाटलं, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर तो म्हणाला गाडीवरून पडला. झालं, केस पेपरवर तेच लिहिलं गेलं. ती एक ओळ निस्तरायला आम्हाला चार महिने लागले. नंतर तपास अधिकाऱ्यांनी मित्राचा पुरवणी जबाब घेतला, डॉक्टरांकडून लेखी अभिप्राय मागवला की जखम धारदार हत्याराचीच आहे, तेव्हा कुठे कागद सरळ झाले. तर पहिली गोष्ट ही की जखमी माणसासोबत जो कोणी जाईल त्याने खरं सांगायचं, कोणी मारलं माहीत नसेल तर अनोळखी इसमांनी मारलं असं सांगायचं, कशाने मारलं ते सांगायचं, आणि एमएलसी (म्हणजे मारहाणीसारख्या केसची हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली नोंद) नोंदवलीय का, तिचा नंबर काय, ते विचारून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायचा. जीव वाचवायची घाई असताना हे सुचत नाही हे मला माहितीये, म्हणूनच घरातल्या एकाने फक्त कागदांकडे बघायचं असं ठरवून टाका.

जखमांचे फोटो त्याच दिवशी काढा, मग तीन-चार दिवसांनी परत काढा कारण मुका मार नंतर काळानिळा होऊन वर येतो, टाके काढताना परत काढा. नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळे होऊ नका, तिथे फोटो दाबला जातो, मूळ फोटो त्या मोबाईलमध्येच राहू द्या. आणि अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत! आमच्या आईने शर्ट दुसऱ्या दिवशी भिजत घातला, तिला तो रक्ताचा शर्ट घरात बघवत नव्हता, तिला काय बोलणार. पण तो शर्ट कागदी पिशवीत घालून पोलिसांना द्यायचा असतो आणि पंचनाम्यात लिहून घ्यायचा असतो, प्लास्टिकच्या पिशवीत ओले कपडे कुजतात.

आता पोलीस स्टेशन. इथे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हातात आलेला कागद एनसीचा आहे की एफआयआरचा ते बघून घेणं. खूप लोकांना एनसीचा कागद मिळतो आणि त्यांना वाटतं गुन्हा दाखल झाला. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत, आणि तेवढ्यावर भरपाईची फाईल फार पुढे सरकत नाही. हाड मोडलं असेल, दात पडला असेल, किंवा १५ दिवस माणूस रोजचं काम करू शकला नसेल तर ती कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत होते (जुन्या कायद्यात हे २० दिवस होते, नव्यात १५ झाले). म्हणून डॉक्टरांकडून किती दिवस विश्रांती सांगितली ते डिस्चार्ज कार्डवर दिवसांच्या आकड्यात लिहून घ्या, नुसतं विश्रांती घ्यावी असं नको. एक्सरेचा रिपोर्ट उशिरा आला आणि फ्रॅक्चर निघालं तर तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन कलम वाढवायला सांगता येतं.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, हा हक्क आहे, मागून घ्यायची आणि तिथेच उभं राहून वाचायची. नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहिलंय का, वय बरोबर आहे का, तारीख आणि जागा. नाव चुकलं की पुढे बँकेपर्यंत अडतं. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर कुठल्याही स्टेशनला घ्यावाच लागतो. घेतलाच नाही तर पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तालयात, लेखी तक्रार पोस्टाने पाठवा आणि पोचपावती सांभाळा, तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. नव्या कायद्यात ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं, नाही कळवलं तर ९१व्या दिवशी जाऊन विचारा, कचरू नका.

आमच्यासारखं आरोपी सापडलेच नाहीत तर पोलीस शेवटी कोर्टात समरी रिपोर्ट पाठवतात. याचे प्रकार समजून घ्या, कारण एका अक्षरावर सगळं फिरतं. अ समरी म्हणजे गुन्हा खरा घडला पण आरोपी मिळाले नाहीत, हा कागद तुमच्यासाठी सोन्यासारखा, कारण ३९६ कलमात आरोपी सापडला नाही पण पीडित माहीत आहे अशा केससाठीच स्वतः अर्ज करायची सोय आहे. ब समरी म्हणजे तक्रार खोटी, क समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली तक्रार किंवा दिवाणी वाद. ब किंवा क पाठवली असेल तर गप्प बसू नका, कोर्टाची नोटीस येते तेव्हा हजर राहून हरकत घ्या.

आणि अ समरी होईपर्यंत थांबायची गरज नाही. लगेच उपचाराला पैसे नसतील तर त्याच कलमात तातडीची मदत आहे, पोलीस स्टेशनच्या प्रभारी अधिकाऱ्याचं किंवा त्या भागातल्या न्यायदंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र जोडलं तर मोफत उपचार किंवा अंतरिम मदतीचा हुकूम प्राधिकरण करू शकतं. सुप्रीम कोर्टानेही २०१४ साली सुरेश विरुद्ध हरियाणा या निकालात सांगितलंय की अशी अंतरिम भरपाई द्यायची का हे बघणं कोर्टाचं कर्तव्य आहे. हे कोणी आपणहून सांगत नाही, आम्हाला समजलं तोवर दुसरं ऑपरेशन उधारीवर होऊन गेलं होतं.

मग बिलं. मेडिकलमधून औषध घेताना पक्कं बिल, पेशंटचं नाव आणि डॉक्टरचं नाव टाकूनच मागा. बिल त्या गुळगुळीत कागदावरचं असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. माझ्याकडे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा भरून पावत्या होत्या, सहा महिन्यांनी उघडला तर निम्म्या पावत्या कोऱ्या करकरीत, अक्षरच उडून गेलेलं, नुसता पांढरा कागद. रिक्षाचा, एसटीचा खर्च, फिजिओथेरपीचे पैसे, सगळं एका वहीत तारीखवार लिहा, पावती नसली तरी लिहा. हॉस्पिटलच्या फाईलची प्रत लेखी अर्ज करून मागितली तर ७२ तासांत द्यायची असा डॉक्टरांच्या नियमावलीतच नियम आहे, अर्जात तेवढं लिहिलं की काम लवकर होतं. दुखापतीचं प्रमाणपत्र मात्र सहसा थेट पोलिसांकडे जातं, ते तपास अधिकाऱ्यांकडून मागून घ्यावं लागतं.

हात, पाय, डोळा कायमचा अधू झाला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढल्याशिवाय अर्जाला जाऊ नका, किंवा अर्ज देऊन टाका आणि प्रमाणपत्र नंतर देतो असं लेखी कळवा. टक्के किती यावर रक्कम ठरते. महिलांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची जी योजना आहे तिच्या तक्त्यात बघा, २० टक्क्यांच्या आत अपंगत्व असेल तर १ ते २ लाख, ४० ते ८० मध्ये २ ते ४ लाख, ८० च्या वर २ ते ५ लाख असे टप्पे आहेत. म्हणजे ७८ आणि ८२ मध्ये फरक पडतो. सिव्हिलला तपासणीच्या दिवशी सगळे जुने एक्सरे घेऊन जा, आणि काय काय जमत नाही ते नीट सांगा. भाऊ तिथे जमतं की, होतंय हळूहळू असं म्हणत होता, पुरुषांना कमीपणा वाटतो सांगायला. शर्टाचं बटण लागत नाही, डब्याचं झाकण उघडत नाही, मशीनचा लिव्हर ओढता येत नाही, हे मीच बोलले.

बुडालेल्या मजुरीचा पुरावा. नोकरी असेल तर सॅलरी स्लिप आणि किती दिवस बिनपगारी गेले त्याचं कंपनीचं पत्र. रोजंदारीवाल्यांनी मुकादमाचं किंवा मालकाचं पत्र घ्या, ई-श्रम कार्ड असेल तर जोडा, बँकेचं पासबुक जोडा. घरात त्याच्यावर कोण कोण अवलंबून आहे त्यासाठी रेशन कार्ड.

बाई किंवा लहान मूल असेल आणि गुन्हा बलात्काराचा, पोक्सोचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) किंवा अ‍ॅसिडचा असेल तर मनोधैर्य योजना वेगळी आहे, २०१३ पासून, आणि २०१७ च्या सुधारणेनंतर ती १० लाखांपर्यंत जाते. अशा गुन्ह्यात सरकारी काय खाजगी काय, कुठल्याही हॉस्पिटलला मोफत उपचार नाकारता येत नाहीत, त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७. पोक्सोमध्ये विशेष कोर्ट एफआयआरनंतर कधीही अंतरिम भरपाई देऊ शकतं. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा असेल तर समाजकल्याण खात्याकडूनही टप्प्याटप्प्याने मदत असते, तिकडेही जा. मात्र कुठून काय मिळालं ते अर्जात खरं लिहा, लपवलं तर तेच अंगाशी येतं. रस्ता अपघाताचं सगळं वेगळं, ते मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे.

अर्ज साध्या भाषेत मराठीत चालतो. काय झालं, कधी, कुठे, गुन्हा नंबर, किती खर्च झाला, किती कमाई बुडाली, आता काय जमत नाही. सोबत एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, दुखापत प्रमाणपत्र, बिलं, आधार, पासबुकचं पहिलं पान. मूळ कागद देऊ नका, दाखवायला न्या. दोन सेट करा, तुमच्या सेटवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख घ्या, नाही घेतला तर अर्ज दिलाच नाही असं होऊ शकतं. योजनेत अर्जाला मुदत असते, उशीर झाला असेल तर कारण लिहून उशीर माफीची विनंती त्याच अर्जात करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती जमातीचे लोक, दिव्यांग यांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. काहीच सुचत नसेल तर १५१०० ला फोन लावा, तालुक्याला राहत असाल तर तालुका विधी सेवा समितीत विचारा.

चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असं कायदा म्हणतो. त्यात तुम्ही पोलिसांना आणि कोर्टाला सहकार्य केलंय का हेही बघितलं जातं, म्हणून आरोपी ओळखीचे असतील आणि गावातली मोठी माणसं मिटवून टाका म्हणत घरी येत असतील तर कुठल्याही कोऱ्या किंवा लिहिलेल्या कागदावर सही करू नका, आधी प्राधिकरणातल्या वकिलाला दाखवा. अर्ज नामंजूर झाला किंवा रक्कम फारच कमी वाटली तर राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे दाद मागता येते, तिलाही मुदत आहे, म्हणून हुकूम हातात पडला ती तारीख पाकिटावरच लिहून ठेवा. आणि हुकूम झाला म्हणजे पैसे आले असं धरून कर्ज काढू नका, आमचा हुकूम झाल्यावर निधी यायला अजून पाच महिने गेले. बऱ्याचदा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवतात आणि थोडा हातात देतात, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा म्हणजे भांडणं होत नाहीत.

बँकेचं खातं चालू आहे का, केवायसी झालीय का, ते अर्जाच्या आधी बघा. आणि उजव्या हाताला लागलं असेल तर अजून एक काम आहे जे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. भावाची सही आता पहिल्यासारखी येत नाही, बँकेने दोनदा स्लिप परत केली, तिसऱ्या वेळी मॅनेजरांसमोर बसवून डाव्या हाताची नवीन सही आणि अंगठा असं दोन्ही नोंदवून घेतलं. प्लॅस्टर निघालं की आधी हे करून घ्या, आणि मग अर्जावरही तीच सही करा.